कोनाड्यातले रोट

२०२३ साली श्रावण अधिक आला आणि आमची कुळदेवी कानबाई ऑगस्टच्या सत्तावीस तारखेपर्यंत लांबली. ती नेहमीसारखी जुलैअखेर बसली असती तर भूपेंद्रला रजा मिळाली नसती, सुकलालच्या चमत्काराला कोणी हात लावला नसता, आणि उज्ज्वला अजूनही कोठीमागे बसून गुपचूप जेवत असती. म्हणून मी या सगळ्याचा दोष पंचांगाला देते. माणसांना दिला की भांडणं लागतात.

भूपेंद्र म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, भिकनचा मुलगा. गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्याला आजही ‘भिकनदादाचा पोरगा’ म्हणतात, पण बाहेरच्या जगात तो ग्रुप कॅप्टन होता. जमिनीवरच्या रणगाड्यांवर आणि ठाण्यांवर हल्ला करणारी हेलिकॉप्टरं असतात, ती तो चोवीस वर्षं उडवत होता. शौर्याचं वायुसेना पदक त्याच्या छातीवर होतं, एका तुकडीचं प्रमुखपद त्याने सांभाळलं होतं, आणि आता पंधरा सप्टेंबरला सीमेजवळच्या एका अख्ख्या हवाई तळाची सूत्रं तो हाती घेणार होता. सैनिकी शाळेत गेला त्या वर्षापासून एकदाही तो कानबाईला घरी आला नव्हता. आता पंचेचाळिशी उलटल्यावर आला.

रोटाचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. कानबाई रविवारी बसते, सोमवारी उठते, म्हणजे विसर्जनाला निघते. तिच्यासाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू घ्यायचे, दळायचे, आणि त्याचे बोटभर जाड रोट भाजायचे. आमच्या कुळात एका पुरुषामागे पाच. ज्याच्या नावाचे त्याने खायचे. तो परगावी असेल तर घरातल्या थोरल्या पुरुषाने. कानबाई उठायच्या आत तुकडा उरता कामा नये. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यातच ओतायचं. आणि परक्या कुळाच्या माणसाने त्या रोटाला तोंड लावायचं नाही. लग्न करून दिलेली लेक ही परक्या कुळाची.

म्हणजे मी. आणि बारडोलीला दिलेली भूपेंद्रची बहीण उज्ज्वला. आम्ही दोघींनी मळायचं, थापायचं, भाजायचं, आणि मग वरणभात जेवायचा.

रविवारी दुपारी कानबाईसमोर पाट मांडले. सुकलाल, म्हणजे भिकनचा आणि माझा धाकटा भाऊ, भाऊबंदकीचा कर्ता पुरुष. तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात मास्तर होता, त्यामुळे त्याची नखं अजून निळसर आहेत आणि आवाज अजून मशीनवरचा आहे. तो आणि भूपेंद्रची आई, कलावहिनी, घरात अहिराणीशिवाय बोलत नसत.

“बठ भूपेंद्र,” सुकलाल म्हणाला. “पाच शेतस. पाची तुलेच खावा पडतीन.”

भूपेंद्रने ताटाकडे पाहिलं. शत्रूच्या ठाण्याचा फोटो पाहावा तसं पाहिलं.

“काका, हे एका माणसाचं आहे की एका तुकडीचं?”

“तुन्हा बाप दहा खाये, पाच सोताना आणि पाच तुन्हा.”

“बाप खात होता तेव्हा तो दिवसाला बारा तास मशीनवर उभा असायचा. माझी पुढच्या आठवड्यात मेडिकल आहे. वजन दोन किलो वाढलं की डॉक्टर मला असं बघतात, जसं मी हेलिकॉप्टर विकून खाल्लंय.”

महेश, सुकलालचा मुलगा, शेजारच्या पाटावर बसून तिसरा रोट संपवत होता. त्याचं बोलणं अर्धं गुजरातीत. “अरे खा ने, भाई! एमां शुं? डाळ लाव, सरकून जाते.”

“तू डाळ लावून सरकवतोस, ते तुझ्या पोटाकडे बघून कळतंय,” महेशची बायको वर्षा वाढता वाढता म्हणाली.

सगळे हसले. एक माणूस हसलं नाही. भूपेंद्रच्या समोर, भिंतीला टेकून, गुडघे उभे धरून कलावहिनी बसली होती. तिची नजर मुलाच्या तोंडावर नव्हती, ताटावर होती. प्रत्येक घासाबरोबर तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

वहिनीचा हिशेब साधा होता. ज्याचे रोट संपले, तो वर्षभर सुखरूप. भिकन होता तोवर मुलाचे रोट तोच खायचा. भिकन गेल्यावर ते काम सुकलालकडे आलं, आणि दर वर्षी कानबाईच्या सोमवारी सुकलाल मिशी पुसत बाहेर येऊन सांगायचा, “वहिनी, पाची सरनात.” मग ती वर्षभरासाठी निश्चिंत व्हायची. मुलगा आकाशात काय करतो याची तिला फारशी कल्पना नव्हती आणि करून घ्यायचीही नव्हती. वर गेलेला खाली येतो, एवढं तिला पुरत होतं.

संध्याकाळपर्यंत भूपेंद्रचे दोन रोट झाले. सोमवारी सकाळी चहाबरोबर अर्धा. अडीच उरले. नऊ वाजता ढोलवाले येणार होते.

*

आता सुकलालची बाजू. ती त्याने मला पुढे स्वतः सांगितली, म्हणून लिहायला हरकत नाही.

२००१ साली, भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच, त्याच्यावर दहा रोटांची पाळी आली. पाच स्वतःचे, पाच भूपेंद्रचे. स्वतःचेच पाच खाऊन तो आडवा झाला. वहिनी दारात उभी होती. मोठ्या भावाची विधवा बायको, तिचा एकुलता मुलगा राजस्थानात हेलिकॉप्टरवर. तिला ‘मला जात नाही’ म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. जिन्याखालच्या खोलीत गव्हाची पत्र्याची कोठी आहे, तिच्यामागे भिंतीत कोनाडा आहे. तिथे त्याने रोट ठेवले, हात जोडले, आणि पुटपुटला, “कानबाई माय, माले माफ कर. तूच पाह्य आते.” कानबाई उठण्याआधी ते कसेबसे संपवायचे असं ठरवून तो परत गेला, तर कोनाडा रिकामा. कणसुद्धा नाही.

आठ दिवसांनी फोन आला. भूपेंद्रच्या हेलिकॉप्टरचा मागचा पंखा हवेत निकामी झाला होता आणि त्याने ते गरगरत गरगरत बाजरीच्या शेतात उतरवलं होतं. आत बसलेले दोघंही जिवंत.

सुकलालने त्या दिवशी दाढी करणं सोडून देवासमोर डोकं टेकलं. तेव्हापासून दर वर्षी तो रोट कोनाड्यात ठेवायचा आणि दर वर्षी ते नाहीसे व्हायचे. कोणाला सांगणार? सांगायचं तर आधी आपण खाल्ले नाहीत हे सांगावं लागलं असतं. पण माणूस बदलला. बिडी सुटली. सोमवारचा उपास लागला. पांडेसऱ्यातल्या लाखभर माणसांत कानबाई फक्त आपल्या हातचं जेवते, हे मनात घेऊन चालणारा माणूस वेगळाच चालतो.

*

आणि उज्ज्वलाची बाजू तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, कारण खोलीच्या दाराशी पहाऱ्याला मीच बसायचे.

त्याच २००१ सालच्या सोमवारी ती गोधड्या काढायला जिन्याखाली गेली आणि कोनाड्यात तिला भावाचे पाच रोट दिसले. काका खोटं बोलला. भावाचे रोट उरले. आरडाओरडा केला तर घरात महाभारत होणार, न करावा तर भाऊ वर आकाशात. ती धावत माझ्याकडे आली.

“फुई, काय करू?”

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. मी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, आणि गोंधळलेल्या मुलीला शांत स्वरात काहीतरी ठाम सांगायचं, एवढं मला सवयीने येत होतं.

“खाऊन टाक,” मी म्हणाले.

“मी? मी बारडोलीची झाले ना.”

“कानबाईला बारडोली कुठे माहीत आहे? खा लवकर, मी बसते दारात.”

ती तशी बारीक चणीची. पण भावासाठी तिने पाच रोट पाण्याच्या घोटाबरोबर उतरवले. आठ दिवसांनी बाजरीच्या शेताचा फोन आला, आणि मग तिला थांबवणं माझ्याही हातात राहिलं नाही. पुढची जवळजवळ सगळी वर्षं, कानबाईच्या शनिवारी बारडोलीहून येणाऱ्या बसने ती यायची आणि तिचा नवरा गोपाल दर वर्षी विचारायचा, “माहेरी जाऊन आलीस की तुला दोन दिवस भूक का लागत नाही?”

असे ते दोघं. ठेवणाऱ्याला विचारता येईना, खाणारीला सांगता येईना. आणि मी मध्ये बसून तांदूळ निवडत होते.

*

तर सोमवारची सकाळ. ताटात अडीच रोट, भूपेंद्रच्या कपाळावर घाम. उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. काका पुन्हा तोच मार्ग धरणार हे तिने ओळखलं आणि ती आधीच जिन्याखाली जाऊन बसली. मी सूप घेऊन दाराशी. एवढ्यात सुकलाल भूपेंद्रचा दंड धरून आला, भूपेंद्रच्या हातात झाकलेलं ताट. मी जोरात खोकले. ठरलेली खूण होती. पण बाहेर पडायला वेळ नव्हता. उज्ज्वला गोधड्यांच्या ढिगाआड बसली.

“ताई, तू जाय तठे पोहे कर,” सुकलालने मला सांगितलं.

“मला दिसत नाही इथून उठायला,” मी म्हणाले. याचा अर्थ काय ते मलाही माहीत नाही, पण त्याने विचारलं नाही.

आत गेल्यावर त्याने दार लोटलं. दारात फट होती, म्हणून मला ऐकूही येत होतं आणि दिसतही होतं.

“भूपेंद्र, मी आज तुले एक गोट सांगस. बावीस साल कोनले सांगी नही. या कोनाड्यात रोट ठेव. हात जोड. डोळा मिट. कानबाई सोता येस आणि खाई जास.”

भूपेंद्रला आधी वाटलं काका थट्टा करतोय. मग त्याने काकाचा चेहरा पाहिला आणि हसणं गिळलं. पुढे त्याची नजर खोलीभर फिरली. तीन किलोमीटरवरून झुडपाखाली लपवलेली गाडी ओळखायची, हे ज्याचं चोवीस वर्षांचं काम, त्याला गोधड्यांखालून बाहेर आलेली पायाची दोन बोटं आणि चांदीची जोडवी दिसायला किती वेळ लागणार? त्या जोडव्यांना तो ओळखत होता. बहिणीच्या लग्नात करवला म्हणून त्यानेच नवरदेवाचा कान पिळला होता, तेव्हा ती बोटं समोरच होती.

“काका,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “किती वेळ लागतो कानबाईला?”

“पाच-सात मिनिट.”

“पाचही रोटांना?”

“देव शे तो, भो!”

“आणि पाणी? कोरडंच खाते?”

गोधड्या हलल्या.

“पाणीनं माले माहीत नही,” सुकलाल विचारात पडला. “कधी ठेवं नही.”

“ठेवायला हवं होतं. बावीस वर्षं कोरडे रोट म्हणजे फार झालं, काका. आमच्याकडे जवानाला असं जेवण दिलं तर चौकशी बसते.”

रोट कोनाड्यात गेले. सुकलालने डोळे मिटले, हात जोडले आणि कानबाईचं गाणं सुरू केलं. त्याचं गाणं लांब असतं. उज्ज्वलाला वाटलं, हीच वेळ. गोधड्यांमागून तिचा हात कोनाड्यात गेला. भूपेंद्र उघड्या डोळ्यांनी हे बघत उभा होता आणि बहिणीने त्याच्याकडे बघून, तोंडात घास असताना, बोट ओठांवर ठेवलं.

कोरडा घास होता. तिला उचकी लागली.

सुकलालचं गाणं थांबलं. डोळे मिटलेलेच. पुन्हा उचकी. तो गुडघ्यांवर बसला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “माय! माय, तू उनी?”

तिसरी उचकी आली आणि त्याबरोबर दार उघडलं. दारात कलावहिनी. मला बाजूला सारून ती आत आली होती, आणि म्हातारपणी तिचे कान माझ्यापेक्षा तिखट होते.

“उजी,” ती म्हणाली, “बाहेर निघ.”

*

पुढच्या खोलीत चौदा भाऊबंद आणि त्यांच्या बायका बसल्या होत्या. अंगणात ढोलवाले आले होते, त्यांना चहा दिला होता. सगळं उघडं झालं. सगळं म्हणजे उज्ज्वलाचं. मी अजून तांदूळ निवडत होते.

सुकलालकडे बघवत नव्हतं. त्याला राग आला होता, पण रागाच्या खाली काहीतरी कोसळलं होतं आणि ते झाकायला तो रागाचाच उपयोग करत होता.

“बावीस साल! परका कुळनी बाई आपला रोट खाई ऱ्हायनी! मुकाट! चोरना मायक!”

“तुम्ही चोरासारखे ठेवलेत, काका, म्हणून मी चोरासारखे खाल्ले,” उज्ज्वला म्हणाली.

“दखा, वरथीन बोलस! उजी, आजथीन कानबाईले या उंबराले पाय लावानं नही. सांगी ठेवस.”

महेशने “बाप्पा, एवढं नको” असं काहीतरी म्हणून पाहिलं, आणि वर्षाने त्याला चिमटा काढला, गप्प बसण्यासाठी की पुढे बोलण्यासाठी ते कळलं नाही. उज्ज्वला आईकडे बघत होती. माहेरी येण्याचा तिचा हा एकच हक्काचा दिवस होता. वडील गेल्यावर दिवाळी बारडोलीची झाली होती, राखीला भाऊ नसायचा. कानबाई गेली की माहेर गेलं.

वहिनी लेकीवर रागावलेली नव्हती. ती घाबरली होती. तिने अगदी हळू विचारलं.

“म्हंजे मन्हा पोऱ्याना रोट इतला साल लागू पडनातच नही?”

तेव्हा भूपेंद्र उठून उभा राहिला. तो घरात असताना कधी अधिकाऱ्यासारखा वागत नाही, भाजी चिरायला बसतो. पण त्या क्षणी तो पाठ ताठ करून उभा राहिला आणि चौदा माणसं नकळत सरसावून बसली.

“काका, आमच्याकडे मोहिमेवरून आलं की सगळे बसून विचारतात, काय ठरलं होतं, काय झालं, काय चुकलं. तिथे पद बघत नाहीत. आज ते करू. उजाताई, २००१?”

“पाच खाल्ले.”

“२००१ ला माझा मागचा पंखा गेला आणि मी बाजरीत उतरलो. २००८?”

“पाच. त्या वर्षी खूप जाड झाले होते, वर्षावहिनीने थापलेले.”

“जाड नव्हते!” वर्षा म्हणाली.

“२००८ ला मी काँगोत होतो, शांतिसेनेत. एका गावाकडे बंडखोर निघाले होते, गावात तीन-चार हजार माणसं. आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून गेलो, दोन खेपा, तिसऱ्या खेपेला परत फिरायला लावलं त्यांना. पदक त्याचंच. उतरल्यावर मेकॅनिकने हेलिकॉप्टरला भोकं मोजली, चौदा. एक माझ्या खुर्चीच्या पाठीला. माय, हे तुला कधी सांगितलं नाही.”

वहिनीने पदर तोंडाला लावला.

“२०१६. मी तुकडीचा प्रमुख. चार हेलिकॉप्टरं घेऊन निघालो आणि वाळूचं वादळ आलं. आठ माणसं माझ्या शब्दावर. आठही परत आणली. उजाताई?”

“साडेचार. अर्धा मांजरीने पळवला.”

“म्हणून त्या दिवशी एकाचं चाक वाकलं.”

कोणीतरी फिसकन हसलं. भूपेंद्र हसला नाही.

“काका, मी हे मानतो की नाही ते मला विचारू नका. पण मी डावा मोजा आधी घालतो. आमच्यात एक जण आहे, तो निघताना हेलिकॉप्टरच्या नाकावर तीनदा टिचकी मारतो. का, ते कोणी विचारत नाही. सुरळीत चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, एवढंच. तुम्ही चालत्या मशीनचा पट्टा कधी बदलला होता?”

“चालती मशीनले कोन हात लावस?” सुकलाल सवयीने बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते कळून चपापला. पण तो जुना मास्तर. लगेच बोट वर झालं. “आणि २०२०? कोरोनाना साल? तव्हय उजी उनीच नव्हती. बस बंद. सगळं बंद. तरी कोनाडा खाली व्हता! मी सोता दखेल शे!”

उज्ज्वला गोंधळली. हे तिलाही माहीत नव्हतं. भूपेंद्र त्या वर्षी लडाखला होता, ते सगळ्यांना माहीत होतं.

सुकलालच्या डोळ्यांत दिवा लागला. एक वर्ष तर उरलं! एक वर्ष तरी कानबाई स्वतः आली होती. तो सगळ्यांकडे असा बघत होता की मी गप्प बसले असते तर त्याने पुढचं आयुष्य त्या एका वर्षावर काढलं असतं. आणि मला गप्प बसावंसं वाटलं, खरंच. तो माझा धाकटा भाऊ आहे, मी त्याला कडेवर खेळवलं आहे. पण मग दोष एकट्या उज्ज्वलाच्या माथी राहिला असता. बंदी एकटीवर.

मी सूप खाली ठेवलं.

“२०२० ला मी खाल्ले,” मी म्हणाले.

“ताई, तू?”

“मी. पलीकडच्या गल्लीतून तोंडाला फडकं बांधून आले होते. उज्ज्वलाने फोनवर रडून सांगितलं होतं, फुई, काहीतरी कर. मी तिला म्हटलं, खड्ड्यात पुरून टाकते.”

“फुई!” उज्ज्वला ओरडली. “तू पुरले म्हणालीस!”

“पुरणारच होते. पण पंचावन्न वर्षं भाजताना वास घेत होते, सुकलाल. एक तुकडा चव बघायला घेतला. मग पाची संपले. दोन दिवस मला सोडा प्यावा लागला.”

आधी कोण हसलं ते विचाराल तर कलावहिनी. तोंडाला लावलेला पदर तिला दातांत धरावा लागला. मग वर्षा, मग महेश, मग भिंतीकडचे सगळे. सुकलाल मात्र पाटावर बसून राहिला, मोठ्या माणसासारखा नाही, खेळणं फुटलेल्यासारखा. भूपेंद्र त्याच्याजवळ जाऊन खाली बसला.

“काका, तुम्ही ठेवले नसते तर हिला मिळाले नसते. तुम्ही त्या दिवशी कसेबसे स्वतः खाल्ले असते, तर आजारी पडला असतात, आणि पुढच्या वर्षी कोणी खाल्ले असते?”

बाहेर ढोलवाल्याने एकदा नुसती थाप मारून पाहिली, उशीर होतोय हे सांगायला. मग सुकलालने घसा खाकरला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, घसा खाकरला की त्याला वाट सापडलेली असते.

“देव काय सोताना तोंडे खास का?” तो सावकाश म्हणाला. “तो कोनातरी तोंडे खास. मी हात जोडीसन म्हनेल व्हतो, माय, तूच पाह्य. मंग तिनी या दोन्हीसले धाडं.” त्याने आमच्याकडे पाहिलं, थोडं नाराजीनेच, अजून बऱ्या बायका धाडता आल्या नसत्या का अशा नजरेने. “व्हय. तसंच शे.”

“मग उंबरा?” महेशने विचारलं.

“कानबाईनी धाडेल बाईले मी कसा ना म्हनू? डोकं फिरेल शे का तुन्हं?”

दोन रोट आणि उष्टा तुकडा कोनाड्यातून आणून कानबाईसमोर ठेवले. उज्ज्वला पाटावर बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा उजेडात, सगळ्यांसमोर. तिने घास घेतला आणि तो घशाखाली जाईना. अंधाराची सवय. एवढ्या डोळ्यांसमोर तिला लाज वाटत होती.

“इतला लोके दखी ऱ्हायनात, ती कशी खाई?” वहिनी म्हणाली. “फिरा सगळा. भिंतकडे तोंड करा.”

आणि चौदा भाऊबंद, त्यांच्या बायका, वायुसेनेचा पदकवाला ग्रुप कॅप्टन आणि रंगाच्या कारखान्याचा जुना मास्तर, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी फक्त वळले नाही. मी आपली पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ बसले. ती मजेत जेवली. साडेदहाला कानबाई उठली आणि ढोलाबरोबर तापीकडे निघाली.

*

भूपेंद्रने पंधरा सप्टेंबरला तळाची सूत्रं घेतली. त्याच्या मेडिकलमध्ये दीड किलो जास्त भरलं आणि डॉक्टरांनी शेरा मारला. दीड वर्ष त्याने तो तळ सांभाळला, एक माणूस गमावला नाही. आता तो एअर कमोडोर आहे, दिल्लीत कचेरीत बसतो, स्वतः उडवत नाही, आणि फोनवर त्याचं लक्ष नसतं.

कलावहिनी पुढच्या फाल्गुनात गेली. झोपेतच गेली. कुळात मृत्यू झाला की पुढचा जन्म होईपर्यंत रोट बंद, म्हणून त्या वर्षी ते झाले नाहीत आणि भूपेंद्रने तळावरून सात वेळा फोन करून उज्ज्वलाला विचारलं, मग आता कसं. तिने सांगितलं, डावा मोजा आधी घाल.

महेशचं पोट आहे तसंच आहे. वर्षा रोट पातळ थापते आणि नाही म्हणते. गोपालला सगळं कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की बावीस वर्षं तो तिला जंताचं औषध द्यायचा विचार करत होता.

उज्ज्वलाला साखरेचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी गव्हाचं कमी करायला सांगितलं. ती एका रोटाचा एक तुकडा घेते, बाकीचे घरातले सगळे वाटून खातात, पण पहिला घास तिचा. ती शनिवारी आली नाही तर सुकलाल स्वतः बारडोलीच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहतो. कानबाईने दोन बायका कशा धाडल्या, ही गोष्ट तो आता पांडेसऱ्यात कोणालाही सांगतो. तिच्यात माझं नाव आताशा येत नाही.

गेल्या वर्षी महेशच्या घरी नात झाली आणि रोट पुन्हा सुरू झाले. मुठी मोजताना महेश म्हणाला, “बाप्पा, भूपेंद्रभाई आता उडत नाही. त्याच्या नावाचे कशाला? टेबलावर तर बसतो.”

सुकलालने मूठ भरली आणि परातीत सोडली.

“दिल्लीनी खुर्ची हेलिकॉप्टरपेक्षा जास्ती हालस,” तो म्हणाला, आणि दुसरी मूठ भरली.